अप्पांच्या मानेवरचा घाम

अप्पा, माझे वडील, बंगळूरला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मला त्यांच्या मानेला हात लावायची सवय लागली होती. कारण काहीही काढायची. कॉलर दुमडलीय, मुंगी चढलीय, धागा चिकटलाय. खरं म्हणजे मी घाम बघत असायची. मान ओली लागली की जीव भांड्यात पडायचा. कोरडी लागली की मी थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी निमित्त शोधायची.

हे सुरू झालं ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यापासून. आमच्या घरी लहान मुलांचे कपडे विकायचा धंदा आहे. आई घरी मशीनवर झबली, टोपरी, चड्ड्या शिवते आणि अप्पा सोलापूरच्या आसपासचे आठवडी बाजार करतात. ताडपत्रीचं पाल ठोकायचं, खाली माल मांडायचा, संध्याकाळी आवरायचं. मी सुट्टीला गेले होते म्हणून त्या दिवशी सोबत बसले होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा मांडलेल्या झबल्यांवरून हात फिरवत होते. मग माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, झबलं मऊ आहे. हात लावून बघा."

मला आधी कळलंच नाही. ते मला ओळखत नव्हते. मी त्यांचा हात धरला तर तो तापलेल्या तव्यासारखा होता आणि कोरडा ठणठणीत. शेजारच्या भांडीवाल्याने टेम्पो काढला म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घाम येतोय तोवर शरीर लढतंय असं समजायचं, आणि घाम थांबला की ते हरायला लागलंय. एकदा उष्माघात झालेल्या माणसाला पुढचा उन्हाळा सोपा नसतो, असंही म्हणाले. त्यांनी हे आईला न सांगता मला सांगितलं, कारण मी कॉलेजात शिकणारी होते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तेव्हापासून ते वाक्य एकट्या माझ्याकडे राहिलं.

म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये मी हट्ट धरला. उन्हाळा संपेपर्यंत अप्पांनी माझ्याकडे राहायचं. बंगळूर थंड असतं, असं मी आईला छातीठोकपणे सांगितलं. आईला माल शिवून ठेवायचा होता, ती मागे थांबली.

मी महादेवपुऱ्यात राहते. आयटी पार्कच्या मागच्या गल्लीत एका जुन्या घराच्या गच्चीखाली माझी भाड्याची खोली आहे. घरमालकीण खाली राहतात. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. त्यांच्या घरी मराठीच बोलतात, पण त्यांचे पणजोबा कधीतरी इकडे आलेले. त्यामुळे त्यांची मराठी ऐकताना मला मध्येच एखादी पायरी चुकल्यासारखं होतं. वाक्याला 'सरी' म्हणून, म्हणजे 'बरं' म्हणून, गाठ मारतात, आणि 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आलं तर त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. स्वभावाने वाईट नाहीत, पण मला त्यांची भीती वाटायची. भिंतीला खिळा मारायचा नाही, पाहुणे आले तर आधी सांगायचं, आणि गच्चीवर भाडेकरूंनी जायचं नाही, कारण उन्हाळाभर तिथे त्यांचं वाळवण असतं. संडिगे म्हणतात त्याला, आपल्याकडच्या सांडग्या-कुरडयांसारखं. गच्चीची किल्ली त्यांच्या कमरेला असते.

खोलीत एसी होता. आधीच्या कोणीतरी बसवलेला, तो घराबरोबरच मिळालेला. मी तो कधी लावत नसे. तो माझ्यासाठी आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. पण वरच्या मजल्यावर स्लॅब दुपारी तापायचा, आणि आता अप्पा येणार होते, म्हणून ते यायच्या दिवशी मी रिमोट पुसला, नवे सेल घातले आणि बटण दाबलं. तासाभरात खोली अशी गार झाली की मला रडू आलं. संध्याकाळी अप्पा आले, दारात चपला काढल्या आणि आत पाय टाकून म्हणाले, "हे तर महाबळेश्वर झालं की." रात्री त्यांनी गोधडी मागितली. मी त्यांच्या अंगावर ती घातली आणि कित्येक महिन्यांनी निर्धास्त झोपले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले, तर खोली कोमट होती.

एसी चालू होता. हवा येत होती, पण ती नुसत्या पंख्याची असते तशी. मी अप्पांना काही म्हटलं नाही. ते कॉटवर बसून खिडकीबाहेरची मेट्रो बघत होते. मी निमित्त काढून मानेला हात लावला. ओली होती.

मग मी एकेक करून शोधायला लागले. रिमोटवर बर्फाच्या फुलाचं चित्र असायला हवं, पंख्याचं नको, असं वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं. ते फूलच होतं. तापमान खाली आणलं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. फरक नाही. मग स्टुलावर चढून पुढचं झाकण उघडलं. ते माझ्या हातात मोडलं तर अक्का काय म्हणतील, याची धास्ती होती. आतल्या जाळ्यांवर राखाडी लोकरीसारखी धूळ बसली होती. मला आनंदच झाला, कारण सापडलं. न्हाणीत नेऊन जाळ्या हलक्या ब्रशने धुतल्या, सावलीत वाळवल्या, परत बसवल्या. हवा थोडी जोरात यायला लागली, पण गार नाही. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं. दाराखाली जुना टॉवेल लावला. पडद्याऐवजी ओली चादर टांगली.

अप्पांनी विचारलं, "काय चाललंय बाळ?"

मी म्हटलं, "डास येतात."

रात्री जरा बरं असायचं, पण दुपारी एसी हरायचा. मध्येच बाहेरून येणारी ती मोठी घरघर बंद पडायची आणि नुसता आतला पंखा फिरत राहायचा. पुष्कळ वेळाने घरघर पुन्हा सुरू व्हायची, आणि पुन्हा थांबायची. मी पुस्तक उघडून बसायची आणि कान त्या आवाजाकडे. आवाज थांबला की माझं वाचनही थांबायचं. कोणी म्हणालं गॅस संपला असेल, कोणी म्हणालं मशीन जुनं असेल. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, सीझन आहे, सोमवारनंतर बघू. त्याला मी हिंदीत सांगायचा प्रयत्न केला की घरात आजारी माणूस आहे. सगळ्यांच्या घरात कोणीतरी असतं, असं काहीसं तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

अक्कांना सांगायचं मी पुढे ढकलत राहिले. आधीच त्यांना न विचारता मी मशीन उघडलं होतं. शिवाय अप्पा उन्हाळाभर राहणार म्हणून त्यांनी हो म्हणतानाही स्वल्प तोंड वाकडं केलंय, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या असत्या की जमत नसेल तर खोली सोड, तर मी अप्पांना घेऊन कुठे जाणार होते? परत बाजाराच्या उन्हात?

गंमत म्हणजे अप्पांचं आणि अक्कांचं छान जमलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा नेहमीच्या सवयीने उठून खाली गेले, तेव्हा अक्का एका हाताने गुडघा धरून संडिग्याची परात वर नेत होत्या. अप्पांनी परात घेतली. तेव्हापासून किल्ली अप्पांकडेच असायची. उन्हं चढायच्या आत ते गच्चीवर धोतर पसरून अक्कांचं वाळवण घालून यायचे, आणि ऊन उतरल्यावर गोळा करून आणायचे. अक्का वर जायच्याच बंद झाल्या. मी अप्पांना म्हटलं होतं, कशाला दगदग करता. त्यावर त्यांचं म्हणणं असं की लोकांच्या घरात फुकट बसू नये, काहीतरी हातभार लावावा.

अप्पा स्वतः काही सांगत नव्हते. कसं वाटतंय विचारलं की एकच उत्तर, मस्त. पण जेवण कमी झालं होतं. दुपारी ते भिंतीला डोकं टेकून बसायचे आणि डोळे मिटायचे. मी परीक्षेचा अभ्यास त्यांच्या समोर बसून करायची. पान उलटायची, त्यांच्या छातीकडे बघायची. वर-खाली होतेय ना. परत पान.

त्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती. दुपारी घरघर थांबली आणि बराच वेळ सुरूच झाली नाही. खोलीत स्लॅबचा वास येत होता, तापलेल्या चुन्यासारखा. अप्पा कॉटवर आडवे होते. मी ओला पंचा घेऊन गेले, तेवढ्यात ते डोळे न उघडताच म्हणाले, "आत घे गं सगळं. आवरून घे."

बाजार. ते बाजारात होते.

मी त्यांच्या मानेला हात लावला. या वेळी निमित्त काढलं नाही. मान गरम होती आणि मला ओल सापडेना. मी बोटं केसांत घातली, कानामागे फिरवली. तिथेही कळेना. माझेच हात ओले होते, त्या पंच्याने. आता कुठली ओल कोणाची, हे मला सांगता येत नव्हतं. ती चूक मला आजही स्वप्नात दिसते. ओल्या हाताने मी माझ्या वडलांचा घाम शोधतेय.

मी त्यांना हलवलं. "अप्पा, मी कोण?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. बघतच राहिले, आणि काही बोलले नाहीत.

जिना कसा उतरले ते आठवत नाही. अक्कांच्या दारावर मी तळहाताने थापा मारल्या. त्या दुपारची झोप मोडून आल्या, काही विचारायच्या आत मी म्हणाले की अप्पांना बघा, अप्पा मला ओळखत नाहीत.  गुडघे दुखतात म्हणून हल्ली एक पायरी न चढणाऱ्या अक्का माझ्यामागे वर आल्या, अप्पांचा एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "खाली चला. ही खोली नाही, भट्टी आहे."

अप्पा चाचरत म्हणाले, "नको, तुमच्या घरात कशाला."

"गप बसा हो. रोज माझ्या गच्चीवर चढता ते चालतं?"

अक्कांच्या हॉलमध्ये लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन आहे, पायाला गार लागणारी. तिथे त्यांनी अप्पांना सरळ जमिनीवर झोपवलं, सदरा काढायला लावला, पंखा लावला. मला ओल्या टॉवेलने अंग पुसायला सांगितलं आणि स्वतः ताक घेऊन आल्या, मीठ घातलेलं. गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्या ओळखीचे. त्यांना फोन केला तर ते येतो म्हणाले. तोवर मी पुसत होते आणि बघत होते. एकदा टॉवेल बाजूला ठेवला, माझे हात फ्रॉकला पुसतात तसे ओढणीला खसाखसा कोरडे केले आणि वाट बघितली.

अप्पांच्या कपाळावर, केसांच्या रेषेपाशी, बारीक थेंब उभे राहिले. पाण्याचे नव्हते. मी पुसले, तर पुन्हा आले.

डॉक्टरांनी तपासलं. अंगातलं पाणी कमी झालंय, वेळेवर खाली आणलंत हे चांगलं झालं, अजून थोडा उशीर झाला असता तर मग मोठ्या दवाखान्यातच न्यावं लागलं असतं. साखर-मिठाचं पाणी द्या, आणि त्या वरच्या खोलीत नेऊ नका, गार झाल्याशिवाय. ते गेल्यावर अक्का माझ्याकडे वळल्या. एसी आहे ना तिथे?

मग मला सगळं सांगावं लागलं. जाळ्या काढल्या ते, वर्तमानपत्र कोंबलं ते, मेकॅनिक सोमवारनंतर म्हणाला ते. सांगताना मी खाली बघत होते. अक्का रागावतील म्हणून इतके दिवस थांबले, हेही बोलून गेले. अक्कांनी ताकाचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाल्या, "मी काय वाघ आहे काय? वर त्याचा बाहेरचा डबा आहे, टाकीच्या मागे. तो फिरतोय का, बघितलंस?"

मी बघितला नव्हता. गच्चीवर जायची मनाई होती ना.

किल्ली अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. गच्चीवर उन्हाने डोळे दिपले. धोतरावर संडिगे ओळीने वाळत होते, बाजारात झबली मांडतात तसे. मी टाकीला वळसा घालून मागे गेले.

बाहेरच्या डब्याला अंगरखा घातला होता.

निळी ताडपत्री, आमच्या पालाचीच. चारी बाजूंनी मापात शिवलेली, कडेला आईची दुहेरी टीप, ती टीप मी झोपेतही ओळखेन. खाली नाडी, आणि नाडीला अप्पांची गाठ, वाऱ्याने पाल उडू नये म्हणून मारतात ती. समोरचा पंखा, मागची जाळी, सगळं आत गुरफटलेलं. मी हात लावला आणि चटकन काढून घेतला. आत कोंडलेली वाफ ताडपत्रीतून भाजत होती.

मला सगळं दिसलं. खोली घेतली तेव्हा मी आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं होतं, गच्चीवर अक्का सोबत होत्या म्हणून गच्चीही. हा डबा काय आहे, आईने विचारलं होतं. एसीचाच भाग, मी म्हटलं. उघड्यावरच आहे? धूळ बसत असेल, लोकांची वस्तू आहे, जपायला हवी, असं ती म्हणाली. आमच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, सायकलच्या सीटला आहे. भिंतीवरचं घड्याळ ज्या प्लास्टिकात आलं त्याच प्लास्टिकात अजून चालतं. कमावून आणलेली वस्तू उघडी ठेवणं आमच्याकडे कोणाला जमतच नाही, आणि दुसऱ्याची तर नाहीच. आईने नुसतं बघून माप घेतलं असणार. अप्पांच्या पिशवीत ती निळी घडी मी पाहिली होती. पाल सोबत आणलंय, सवयीने, असं वाटून मी विचारलंही नाही. आणि पहिल्याच पहाटे, संडिगे घालून झाल्यावर, अप्पांनी ते काम उरकलं होतं.

गाठ सुटेना. मी दातांनी ओढली. ताडपत्री उतरवली तसा आतून गरम झोत तोंडावर आला. मी तिथेच सावलीत बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. डबा निवत गेला, आणि मग एकदम घरघर सुरू झाली, पंखा फिरला, आणि त्याच्या वाऱ्याने वाळवणाच्या धोतराचं टोक फडफडलं.

खाली आले तेव्हा अप्पा भिंतीला टेकून बसले होते. माझ्या काखेतली ताडपत्री त्यांनी पाहिली.  खोटं सांगायचं जिन्यात ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघालं नाही. मी सांगितलं की खोलीतली उष्णता ते मशीन बाहेर टाकतं, ते झाकलं की उष्णता आतच फिरते, म्हणून.

अप्पांनी ताडपत्री माझ्याकडून घेतली आणि मांडीवर ठेवली. "उन्हात उभं होतं," ते म्हणाले. "आपल्याला गारवा देतंय आणि स्वतः उन्हात. मला बघवेना."

मग ते अक्कांना म्हणाले की तुमच्या वस्तूचं काही बिघडलं असेल तर माफ करा, आणि मला म्हणाले की उद्याच्या गाडीचं बघ. माझं इथे काम नाही. उगाच तुझा अभ्यासही बुडतोय.

ज्याची मला भीती होती तेच. त्या संकोचापायी ते बाजारात जाऊन बसले असते, मे महिन्यात, पालाखाली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. मग बोलले. "अप्पा, गेल्या वर्षी तुम्ही मला मॅडम म्हणालात. मला फार भीती वाटते. रोज वाटते. तुम्ही जाऊ नका."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्याचं तर घरात कोणालाच नाही.

अप्पा ताडपत्रीची घडी घालत होते. पहिल्यांदा वाकडी पडली, म्हणून पुन्हा घातली. "मला कळायचं," ते म्हणाले. "तू मानेला हात लावायचीस ते. मुंगी-बिंगी काही नसायची." आणि घडीवर हात फिरवत, "मघाशी तू विचारलंस ना, मी कोण. मला ओळख पटली होती. पण तोंडाला शब्द येईना. मीपण घाबरलो पोरी."

अक्का स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. त्या दारात येऊन म्हणाल्या, "संडिगे अजून अर्धेसुद्धा झाले नाहीत. माझे गुडघे वर चढत नाहीत. हे गेले तर वाळवण कोण घालणार, तू? तुला परीक्षा आहे. आंब्यांपर्यंत थांबा, सरी?"

अप्पा आंब्यांपर्यंत थांबले, आणि पुढे पावसापर्यंतही.

संध्याकाळी त्यांनी आईला फोन केला. दुपारचं काही सांगितलं नाही, फक्त एवढंच की कव्हर काढून ठेवलंय. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. का काढलं? आता धूळ बसेल की.

"बसू दे," अप्पा म्हणाले.

ते आता पुन्हा बाजार करतात, पण उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. यायला उशीर झाला, गाड्या भरल्या, आईचं काही निघालं, की मी दुपारी फोन करते. ते उचलतात, आणि मी काही विचारायच्या आतच म्हणतात, "येतोय गं, येतोय. घाम येतोय." मी बरं म्हणते. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तो हातातच धरून बसते.